गाडीतून उतरायला सांगणारं पुस्तक

जूनमध्ये मोआबहून आर्चेस नॅशनल पार्ककडे निघालं, की सकाळीच गाड्यांची रांग लागते. आमचीही गाडी त्या रांगेत होती. पुढे आई, मागे पाण्याच्या बाटल्या, चिवड्याचा डबा आणि एडवर्ड अ‍ॅबीचं ‘डेझर्ट सॉलिटेअर’. मोटारीतून वाळवंट बघणाऱ्यांना झोडपणारं पुस्तक मोटारीतच वाचणं जरा अवघड जातं.

अ‍ॅबीनं १९५६ आणि १९५७ साली इथे हंगामी रेंजर म्हणून काम केलं. पुस्तक आलं १९६८मध्ये, आणि त्यात ते उन्हाळे एकाच हंगामात गुंफले आहेत. तेव्हा इथे कच्चा रस्ता होता. नव्या रस्त्यासाठी रोवलेल्या खुंट्या आपण रात्री उपटून टाकल्या, असं तो सांगतो. त्याची मागणी साधी आहे: उद्यानांतून मोटारी हटवा, लोकांना चालू द्या, सायकलवर, घोड्यावर जाऊ द्या. तेव्हा हे अतिरेकी वाटलं असेल. पण झायनच्या मुख्य दरीत २०००पासून हंगामात खासगी गाड्या बंद करून बस आणावी लागली, आणि २०२२मध्ये आर्चेसच्या प्रवेशासाठी वेळ आरक्षित करण्याची पद्धत सुरू झाली. त्याचं निदान चुकलं नव्हतं.

चुकतो तो माणसांच्या हिशोबात. म्हाताऱ्यांचं काय, हा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो आणि झटकून टाकतो: हा प्रदेश अस्पर्श होता तेव्हा त्यांना तो बघायची संधी होतीच की! हे वाचून मी आईकडे पाहिलं. तिचं तरुणपण साताऱ्यात शाळा आणि स्वयंपाकघर यांत गेलं. युटा पाहायची संधी तिला अडुसष्टाव्या वर्षी मिळाली, दुखऱ्या गुडघ्यांसकट. अ‍ॅबीच्या डोळ्यांपुढचा म्हातारा अमेरिकन आहे, आणि त्याच्या दाराशी वाळवंट आहे.

हीच गफलत इतरत्रही दिसते. खडकांवरच्या प्राचीन चित्रांपुढे तो आदरानं थांबतो. शेजारी जगणाऱ्या नवाहोंकडे वळला, की त्यांच्या गरिबीवर आणि वाढत्या लोकसंख्येवर भाष्य करतो. ते स्वतः काय म्हणतात, ते मात्र फारसं ऐकू येत नाही. त्याला स्वतःलाही तेव्हा बायको आणि तान्हा मुलगा होता. पुस्तकात त्यांना जवळजवळ जागा नाही. हा एकांत वाळवंटानं दिलेला आहे तितकाच लेखकानं माणसं वगळून घडवलेला आहे.

तरी पुस्तक मिटवत नाही, ते ग्लेन कॅनियनच्या प्रकरणामुळे. धरणाखाली बुडणार असलेल्या त्या दरीतून तो मित्राबरोबर होडीनं उतरतो. इथे कोण लायक, कोण नालायक हा निवाडा मागे पडतो. १९६३मध्ये पाणी अडवलं गेलं आणि त्यानं पाहिलेल्या कपारी सरोवरात गेल्या. निरोप घेणारा अ‍ॅबी फटकारणाऱ्या अ‍ॅबीपेक्षा मोठा लेखक आहे.

डेलिकेट आर्चपर्यंतची तीन मैलांची ये-जा आईला जमणारी नव्हती. वाहनतळाजवळच्या खालच्या जागेवरून तिनं ती कमान पाहिली, लांबून, बोटाच्या पेराएवढी. बराच वेळ ती काही बोलली नाही. गाडीतून उतरून थांबा, एवढंच अ‍ॅबीला हवं असेल, तर ते तिनं केलं होतं.