यहुदी मुंबईचें मराठी वाङ्मय

गेल्या पावसाळ्यांत मुंबईंतील एका जुन्या ग्रंथसंग्रहालयांत आम्ही एक कीर्तनाची पुस्तिका शोधीत होतों. बेने इस्रायल कीर्तनकारांनीं रचिलेलीं मराठी आख्यानें कोठें पाहावयास मिळतील, असें विचारतांच तेथील सज्जन ग्रंथपालांनीं बराच वेळ कपाटें धुंडाळलीं आणि अखेर एक जीर्ण पुस्तिका आमच्या हातीं ठेविली. ती ज्या वर्गांतून निघाली त्या वर्गाचें नांव होतें 'ख्रिस्ती धर्म'. पुस्तिकेवर अब्राहामाचें नांव होतें. तेवढ्यावरून तिची रवानगी मिशनऱ्यांच्या पत्रकांशेजारीं झाली होती. दोष ग्रंथपालांचा नव्हे. मराठींत लिहिणारा माणूस यहुदी असूं शकतो, ही गोष्ट ज्या वाचकवर्गाच्या ध्यानींमनीं नाहीं, त्याच्या कपाटांत तिला स्वतंत्र खण कोठून असणार? दोष असेल तर तो आपणां सर्वांचा आहे, आणि त्याचाच थोडा विचार करावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

मुंबईचे यहुदी म्हटले कीं बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें ससून घराणें उभें राहतें, आणि तें स्वाभाविकहि आहे. काळ्या घोड्याजवळचें डेव्हिड ससून ग्रंथालय ज्यानें पाहिलें नाहीं असा मुंबईकर वाचक विरळा. टांकसाळ व गोदी यांतील नोकरवर्गानें १८४७ सालीं काढलेल्या एका संस्थेपासून त्याचा उगम झाला. पुढें डेव्हिड ससून यांनीं ६०,००० रुपयांची देणगी दिली, आणि १८७० सालीं हल्लींची दगडी इमारत पुरी झाली. ती पाहावयास देणगीदार उरले नव्हते. ते १८६४ सालींच पुण्यास वारले. त्यांचा पुतळा मात्र तेथें येणाऱ्याजाणाऱ्या वाचकांवर नजर ठेवून उभा आहे. हे ससून बगदादहून आलेले. बगदादी यहुद्यांची घरची भाषा अरबी. ती ते हिब्रू लिपींत लिहीत, आणि त्या लिपींतलें एक अरबी नियतकालिक १८५५ सालीं मुंबईंतच निघालें होतें. पुढील पिढ्यांनीं इंग्रजी जवळ केली. ग्रंथालय, शाळा, रुग्णालय अशा त्यांच्या देणग्यांबद्दल मुंबई-पुणें हीं शहरें त्यांचीं ऋणी आहेत. परंतु मराठी वाङ्मयाच्या दृष्टीनें पाहतां त्या घराची खिडकी समुद्राकडे उघडणारी होती.

कोंकणाकडे उघडणारी खिडकी दुसऱ्याच घराला होती. बेने इस्रायल समाज आपलें मूळ अलिबागजवळच्या नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतांत सांगतो. त्या गलबतांतून सात जोडपीं वांचलीं, त्यांच्या वंशजांनीं तेलाचे घाणे घातले, आणि दर शनिवारीं घाणा बंद म्हणून गांवानें त्यांना 'शनवार तेली' हें नांव दिलें, असें परंपरा म्हणते. या कथेचा काळ इतिहाससंशोधकांनीं ठरवावा. आडनांवांबद्दल मात्र वाद नाहीं. पेणकर, चेऊलकर, केहिमकर, राजपूरकर, दिवेकर हीं नांवें ओळीनें वाचलीं तर अष्टागराकडचा प्रवास घडतो. या मंडळींनीं मुंबईस येऊन १७९६ सालीं आपलें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर. 'शाअर हारहमीम' हें त्याचें हिब्रू नांव; पण बोलतांना तेथील लोक त्याला 'मशीद'च म्हणत, आणि जवळच्या मसजिद स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. म्हणजे रोज हजारों लोक ज्या नांवावर उतरतात त्यांत या समाजाची आठवण आहे, आणि उतरणारांना तिचा पत्ता नाहीं.

वाङ्मयाचा विचार करावयाचा तर आरंभ पुस्तकांपासून करूं नये. घरांतल्या शब्दांपासून करावा. या समाजांत यहुदी नववर्षाला 'नव्याचा सण' म्हणत. यरुशलेमच्या देवळाचा नाश झाला त्या दिवसाचा उपवास हा सगळ्या जगांतील यहुद्यांचा परमशोकाचा दिवस. त्याला कोंकणांत नांव पडलें 'बिरड्याचा रोजा'. यांत 'बिरडें' आगरी-कोळ्यांच्या शेजाराचें, 'रोजा' मुसलमानांच्या शेजाराचा, आणि शोक मात्र स्वतःचा, दोन हजार वर्षांचा. एवढें मोठें दुःख मोड आलेल्या वालांच्या नांवानें जपून ठेवणारी ही भाषा घाईघाईनें उसनी घेतलेली नव्हे. तींत माणसें जन्मलीं आणि मेलीं आहेत. वाङ्मय पुढें येवो न येवो, त्याची माती येथें तयार होती.

पुस्तकांचा काळ आला तो एकोणिसाव्या शतकांत, आणि गंमत अशी कीं त्याचें एक कारण मिशनरीच होते. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें. हेतु अर्थातच धर्मान्तराचा होता. बेने इस्रायलांनीं किल्ली घेतली आणि तिनें आपलेंच घर उघडलें. मिशनच्या शाळांत शिकलेल्या मंडळींनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणावयास सुरुवात केली. यांत जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचें काम सर्वांत मोठें. ससूनांच्या शाळेचे मुख्याध्यापक, विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक. आणि उभा जन्म त्यांनीं प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें करण्यांत घालविला. अशा भाषांतरांना ललितवाङ्मयाची कसोटी लावणें अन्यायाचें होईल. हिब्रू शब्दाशेजारीं मराठी शब्द उभा करणें, म्हणजे ज्याला मूळ कळत नाहीं त्याला आपण काय म्हणत आहों हें कळावें, एवढाच त्यांचा धर्म. त्यांत वाक्य ताठर होतें, क्रियापद भलत्या जागीं पडतें. हें त्या जातीच्या भाषांतराचें सर्वत्र दिसणारें वैगुण्य आहे.

मात्र याच काळांतील एक पुस्तक आम्हांस वारंवार पाहावेंसें वाटतें. मिसर देशांतील दास्यांतून झालेल्या सुटकेची कथा वल्हांडणाच्या रात्रीं घरोघर वाचतात. ती 'हग्गादा' हिब्रू व मराठी अशा दोन भाषांत १८७४ सालीं पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या शिळाछापखान्यांत छापली. यहुद्यांचें पवित्र पुस्तक अग्निहोत्र्यांच्या छापखान्यांत, हा योगच मोठा बोलका आहे. पण त्याहूनहि बोलकें त्यांतील चित्र. बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका चित्रकारानें दाखविल्या आहेत त्या लुगडीं नेसून जमिनीवर बसलेल्या. युरोपांतल्या हग्गादांत अशा प्रसंगाचीं चित्रें पुष्कळ आहेत. येथें मात्र स्वयंपाकघर आपलें आहे. भाषांतरकार अजून शब्दाशीं झुंजत असतां चित्रकारानें काम फत्ते केलें होतें. ही कथा दूर देशीं घडली, पण ती आमच्या घरांत घडते, हें त्यानें न बोलतां सांगितलें.

शब्दांना हें साधलें तें कीर्तनांत. १८८० च्या सुमारास मुंबईंतील कांहीं बेने इस्रायल गृहस्थांनीं कीर्तनाची पद्धत उचलली. प्रार्थनामंदिरांतील उपासना हिब्रूंत. बायकांना व कमी शिकलेल्यांना तिचा अर्थ लागत नसे. त्यांना आपल्या पूर्वजांच्या कथा कळाव्यात, एवढ्या साध्या गरजेंतून हा उपक्रम निघाला. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर यांचीं आख्यानें साकी, दिंडी, ओवी, कटाव यांत बांधलीं गेलीं. पेटी व तबला साथीला आला. पदांवर चाली लिहिल्या त्या हरिदासांच्या कीर्तनांतल्या, श्रोत्यांच्या कानांत अगोदरच बसलेल्या. येथें अनुवाद शब्दाचा राहिला नाहीं, रूपाचाच झाला. बाबेल आणि मिसर यांची कथा साकीच्या वळणानें चालूं लागली कीं तिला मराठी श्वास घ्यावाच लागतो. ताठर क्रियापद तेथें टिकतच नाहीं.

या रचनांची आम्ही अवास्तव स्तुति करूं इच्छीत नाहीं. फादर स्टीफन्स यांचें १६१६ सालीं छापलेलें ख्रिस्तपुराण किंवा शेख महंमदांचा योगसंग्राम यांच्या शेजारीं हीं आख्यानें ठेवलीं तर तीं फिकीं पडतात. आम्हीं जीं पाहिलीं त्यांत उपदेश पुष्कळ, वर्णन थोडें. यमकासाठीं ओढाताणहि आहे. परंतु हीच तुलना आमच्याविरुद्ध एक प्रश्न उभा करते. इंग्रज जेझुइटाचें पुराण आणि मुसलमान संताची ओवी आपण मराठी म्हणून आदरानें वाचतों. मग कोंकणी यहुद्याची दिंडी आपल्या वाङ्मयेतिहासांत येण्यास अडचण कोणती? गुण कमी म्हणून वगळलें असें म्हणावें, तर त्याहून कमी गुणाचीं किती आख्यानें त्या इतिहासांनीं नांवनिशीवार नोंदविलीं आहेत! खरें कारण असें कीं आपण तीं वाचलींच नाहींत.

नियतकालिकांचा हिशेब थोडक्यांत देतां येईल. 'सत्यप्रकाश' १८७७ सालीं निघालें. १९१७ पासून दहा वर्षें 'इस्रायलाइट' मराठी-इंग्रजींत चाललें. अशा पत्रांचा भर धर्मचर्चा, शिक्षण व समाजसुधारणा यांवर. कथा-कवितांना जागा उरेल तेवढी. हळूहळू शिकलेल्यांची लेखणी इंग्रजीकडे वळली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं आपल्या समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहिला तो इंग्रजींत, आणि तो छापला गेला १९३७ सालीं, तेल अवीव येथें. अलिबागच्या माणसांचा इतिहास छापावयास चाळीस वर्षें आणि एक समुद्र ओलांडावा लागला. रंगभूमीवर जोसेफ डेव्हिड पेणकरांनीं नांव मिळविलें तें पारशी नाटकमंडळ्यांत; १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' त्यांच्याच नाटकावरचा. डेव्हिड अब्राहाम चेऊलकर हिंदी चित्रपटांत गाजले. निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) इंग्रजी कवितेचे अध्वर्यु झाले. परंतु इंदिरा संतांच्या कविता इंग्रजींत नेणाऱ्या दोघांपैकीं ते एक होते, हें विसरतां कामा नये. ज्याच्या कानावर मराठी लहानपणापासून पडली आहे त्यालाच इंदिराबाईंची हलकी पावलें ऐकूं येतात. एवढी बुद्धि एका लहान समाजांत असून मराठी कादंबरी वा कविता तींतून उभी राहिली नाहीं, याचें आम्हांस दुःख वाटतें. त्यांच्यापुढें मराठी श्रोता कोण होता, हा प्रश्नहि विचारला पाहिजे. ज्याचें कोणी ऐकत नाहीं तो घरांत गातो, किंवा दुसऱ्या घरीं जाऊन बोलतो.

योसेफाच्या आख्यानांतील एक प्रसंग येथें आठवतो. दुष्काळानें गांजलेले भाऊ मिसर देशीं धान्य मागावयास येतात. समोर बसलेला अधिकारी आपलाच विकलेला भाऊ आहे हें त्यांना कळत नाहीं. मध्यें दुभाष्या असतो. ते आपसांत बोलतात, आणि योसेफाला सगळें समजतें. तो तोंड फिरवून रडतो. बेने इस्रायल आणि आपण यांच्यामध्यें असाच एक दुभाष्या आपण उगीच उभा केला आहे. त्यांना आपली भाषा पहिल्यापासून समजत होती. त्यांची आपणांस समजते हें आपल्यालाच ठाऊक नव्हतें.

आतां उशीर झाला आहे. इस्रायलचें राज्य झालें त्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या घरांत होती; २०११ च्या खानेसुमारींत साऱ्या भारतांतील यहुदी मिळून ४,६५० भरले. गेलेल्यांना तिकडे 'तुम्ही खरे यहुदी कां?' असें विचारलें गेलें, आणि ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत हें १९६४ सालीं तेथील पार्लमेंटला सांगावें लागलें. इकडे आपण त्यांना 'तुम्ही खरे मराठी कां?' असें विचारलें नाहीं; विचारण्याइतकी दखलहि घेतली नाहीं. तरी त्यांनीं तिकडे मराठी नियतकालिक काढलें, आणि त्याला नांव दिलें 'मायबोली'. त्यांच्या बाजूचें उत्तर त्या एका शब्दांत आलें.

आपल्या बाजूनें करावयाचें काम अवघड नाहीं. पुण्याच्या हग्गादाची प्रत पाहावयाची तर परदेशांतील ग्रंथालयांकडे बोट दाखवावें लागतें. परंतु भायखळा, माझगांव, ठाणें येथील घरांत अजून कीर्तनाच्या वह्या असतील, पत्रांचे फुटकळ अंक असतील. एखादें घर रिकामें होतें तेव्हां अशा वह्या रद्दींत जातात किंवा ट्रंकेंतून समुद्रापलीकडे. आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयांनीं व विद्यापीठांनीं त्या घरीं जाऊन, मालकाच्या अनुमतीनें, त्यांच्या नकला घ्याव्यात. आख्यानांचा एक निवडक संग्रह चालींसह छापावा. आणि ज्या आजीबाईंना त्या चाली अजून येतात त्यांचा आवाज साठवून ठेवावा. डेव्हिड ससून यांनीं आमच्या शहराला एक ग्रंथालय दिलें. त्याची परतफेड म्हणून एक कपाट मागणें कांहीं फार नाहीं.

त्या दिवशीं आम्हीं ती पुस्तिका परत करतांना ग्रंथपालांना तिचा खरा धर्म सांगितला. त्यांनीं चष्मा सरसावून मुखपृष्ठ पुन्हा पाहिलें, आणि विचारलें, "मग हिला ठेवूं कोठें?" आम्हीं म्हटलें, "आख्यानांत ठेवा. मोरोपंतांच्या खालच्या फळीवर." ते हंसले, पण पुस्तिका त्यांनीं तेथें नेऊन ठेविली.