आधी मुळाक्षरे की आधी लेखन? ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळाचे परीक्षण

“मामा, अ‍ॅझटेकांनी चाकाचा शोध वेळेवर लावला नाही, म्हणून ते हरले ना?”

नववीत शिकणाऱ्या आमच्या भाच्याने उन्हाळ्याच्या सुटीत हा प्रश्न विचारला. प्रश्न पाठ्यपुस्तकातला नव्हता. ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाची पहिली आवृत्ती आम्हीच त्याला हौसेने दाखवली होती आणि दोन दिवस तो संगणकासमोरून हलला नव्हता. विद्यार्थिदशेत आम्हीही या खेळापायी कित्येक रात्री जागवल्या आहेत. तरी हा खेळ विज्ञानाविषयी काय सांगतो, हे आम्ही कधी तपासले नव्हते. ते काम या लेखात करीत आहोत.

हा खेळ १९९१ साली आला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो रचला. इ.स.पू. ४००० मध्ये आपल्या हाती वस्ती करायला निघालेली माणसे असतात आणि भोवतालचा नकाशा अंधारात असतो. गावे वसवायची, रस्ते बांधायचे, खाणी खणायच्या, शेजाऱ्यांशी तह करायचा किंवा लढायचे. सर्व प्रतिस्पर्ध्यांना संपवणारा, किंवा आल्फा सेंटॉरीकडे सर्वांत आधी अंतराळयान पोचवणारा जिंकतो. सुरुवातीची एक फेरी २० वर्षांची असते, शेवटची एका वर्षाची.

आधी खेळाचे गुण सांगतो. पाण्याला लागून असलेल्या चौकटीलाच पाट काढता येतो; तिथून पुढची चौकट, मग तिच्या पुढची. नकाशावर शेती पाण्यामागून कशी सरकते, हे मुलाला न सांगता कळते. व्यापारातून आलेले उत्पन्न खजिना, लोकांची चैन आणि संशोधन यांत वाटावे लागते. संशोधनाचा वाटा वाढवला की तिजोरी आटते. ग्रंथालय बांधले की त्या शहराचे संशोधन दीडपट होते, पण तेच श्रम कोटासाठी वापरले असते तर शत्रू थोपवता आला असता. राज्यकर्त्यासमोरचा हा पेच इतका स्पष्ट मांडणारे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. कारखान्यांचे प्रदूषण साचत गेले तर पृथ्वी तापते आणि सुपीक जमीन बिघडते, हेही या खेळात आहे. रिओची वसुंधरा परिषद व्हायची होती, ती १९९२ साली झाली, हे लक्षात घेतले म्हणजे खेळ रचणाऱ्यांचे कौतुक वाटते.

आता मुख्य मुद्दा. खेळातील सारे ज्ञान एका झाडासारखे मांडलेले आहे. प्रत्येक शोधाच्या मागे एक-दोन शोध असतात आणि बाण नेहमी पुढेच जातात. एका शोधाचा पाया दुसऱ्यावर असतो, ही कल्पना मोलाची आहे. पण बाण तपासू लागलो की अडखळायला होते.

पहिल्याच फांदीपाशी थांबू. खेळात मुळाक्षरे सापडल्याशिवाय लेखन सापडत नाही. प्रत्यक्षात मेसोपोटेमियातील लेखन इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे आहे, आणि एका ध्वनीला एक चिन्ह अशी मुळाक्षरे त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी आली. ती आणणाऱ्यांसमोर इजिप्तची चित्रलिपी होती. म्हणजे बाण उलटा आहे. चीनची लिपी तर मुळाक्षरांवाचूनच आजवर चालत आली. गणितासाठीही खेळ मुळाक्षरे मागतो. पेरूच्या इंकांनी दोऱ्यांच्या गाठींमध्ये दशमान पद्धतीने हिशेब ठेवले. त्यांच्याकडे मुळाक्षरे नव्हती.

दुसरी फांदी वाफेच्या इंजिनाची. खेळात आधी भौतिकशास्त्र, मग इंजिन. हा बाण अगदीच खोटा नाही, कारण हवेच्या दाबावरचे प्रयोग सतराव्या शतकातच झाले होते. पण न्यूकोमेनचे इंजिन १७१२ सालचे, वॉटचे पेटंट १७६९ चे आणि इंजिनाच्या कार्यक्षमतेला मर्यादा का असते हे सांगणारा कार्नोचा ग्रंथ १८२४ चा. उष्मागतिकी इंजिनातून जन्मली. येथे बाण दोन्ही दिशांनी हवा होता.

तिसरी फांदी बंदुकीच्या दारूची. खेळाडू ती मिळवायची ठरवतो, कारण त्याला बंदूकधारी शिपाई हवे असतात. चीनमध्ये नवव्या शतकात ज्या किमयागारांच्या हाती हे मिश्रण लागले, ते अमरत्व देणारे औषध शोधत होते.

या तीन चुका तपशिलाच्या आहेत, हे कबूल. खेळाला सोपेपणा लागतो आणि प्रत्येक प्रतिकृती काही तरी गाळतेच. आमच्या प्रयोगशाळेतील प्रतिकृतीही तेच करतात. पण तिन्ही चुकांचे मूळ एक आहे, आणि ते तपशिलाचे नाही. खेळाडूला सारे झाड आधीच ठाऊक असते. इ.स.पू. ४००० मधल्या राजाला रेल्वे कुठल्या वाटेने मिळेल हे माहीत असते! तो यादीतून शोध निवडतो, ज्ञानाचे दिवे साठवतो आणि किंमत भरली की शोध हाती येतो. एकही शोध फसत नाही आणि एकही सिद्धांत पुढे चुकीचा ठरत नाही.

संशोधनात आयुष्याची वीस वर्षे घालवल्यावर आम्ही एवढे सांगू शकतो, की ‘आणखी आठ फेऱ्या, मग उत्तर’ असा फलक प्रयोगशाळेत लागत नाही. १८९५ साली राँटगेन निर्वात नळीतून वाहणाऱ्या विजेचा अभ्यास करीत होता. हाडांचे छायाचित्र काढण्याचे साधन त्याच्या यादीत नव्हते, कारण तशी यादीच नव्हती. ज्याचे नावही माहीत नाही असे काही शोधणे, याला संशोधन म्हणतात. खेळात त्याची खरेदी होते.

यात नुकसान काय? भाच्याचा प्रश्न हेच ते नुकसान. एकच झाड सर्वांसाठी असेल, तर प्रत्येक समाज त्याच्या कुठल्या तरी फांदीवर पुढे किंवा मागे बसलेला दिसतो. मागे असणे म्हणजे चुकीची निवड करणे, आणि पराभव ही त्या निवडीची शिक्षा. प्रत्यक्षात मेक्सिकोच्या उत्खननांत चाके लावलेली मातीची खेळणी सापडली आहेत. चाकाची कल्पना तेथे होती. गाडी ओढणारे जनावर नव्हते. अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान सरोवरात वसलेली होती आणि माल होड्यांतून येई. इंकांनी चाकाची गाडी नसताना ३०,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्ते बांधले आणि निरोप्यांच्या पायांवर साम्राज्य चालवले. १५२१ साली तेनोच्तित्लान पडले त्यामागे १५२० ची देवीची साथ होती आणि कोर्तेसच्या बाजूने लढणारे त्लाश्कालाचे सैन्य होते. या कारणांना शोधांच्या झाडात जागा नाही.

खेळ रचणाऱ्यांनाही ही अडचण जाणवलेली दिसते. १९९९ च्या ‘आल्फा सेंटॉरी’ या खेळात खेळाडूला संशोधनाची फक्त दिशा ठरवता येते, नेमका शोध नाही, अशी सोय होती. ‘सिव्हिलायझेशन’च्या २०१६ मधील सहाव्या आवृत्तीला पुढे एक पर्याय जोडला गेला, त्यात झाडाची मांडणी बदलते आणि पुढचे शोध झाकलेले राहतात. दोन्ही प्रयत्न स्वागतार्ह आहेत. मात्र झाकलेले झाड हेही झाडच असते.

तेव्हा हा खेळ मुलांपासून दूर ठेवावा काय? आमचे मत तसे नाही. चूक असलेली प्रतिकृती वर्गात फार उपयोगी पडते. चूक शोधणारा मुलगा मूळ गोष्ट शिकून जातो. शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. त्याला संगणकही लागत नाही. पुठ्ठ्याच्या तीस तुकड्यांवर तीस शोधांची नावे लिहावीत आणि गटागटाने बाण जोडायला सांगावेत. मग प्रत्येक बाणाला तीन प्रश्न विचारावेत. हे आधी असल्याशिवाय ते खरोखर अशक्य होते का? एखाद्या समाजाने ते दुसऱ्या वाटेने मिळवले का? आणि ज्याला ते सापडले, तो तेच शोधत होता का? तासाभरात निम्मे बाण डळमळतील. उरलेले निम्मे का टिकले, यावर दुसरा तास घेता येईल.

आम्ही भाच्याबरोबर हेच केले. मुळाक्षरांचा बाण त्याने स्वतःच खोडला. चाकापाशी मात्र तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “मामा, आपल्याकडे बैल नसते, तर आपण गाडी केली असती का?”

हा प्रश्न त्याच्या पहिल्या प्रश्नाहून चांगला आहे. तो आपल्या वर्गातही विचारून पाहावा.