भूक आणि आत्मचरित्र

आत्मचरित्र कोठें संपवावें हा प्रश्न आत्मचरित्रकाराला नेहमींच अवघड जातो. कादंबरीकार नायकनायिकेचें लग्न लावून देतो किंवा दोघांपैकीं एकास मारून टाकतो आणि मोकळा होतो. परंतु आपलेंच चरित्र लिहिणाऱ्यास यांपैकीं दुसरी सोय नसते, व पहिलीनें कांहींच संपत नाहीं हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. शेवटचें पान लिहून झाल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो उठतो, चहा घेतो, आणि जें संपलें असें त्यानें पुस्तकांत सांगितलें तें तसेंच चालूं असलेलें पाहतो. ही अडचण सर्वच आत्मचरित्रांची असली तरी अमेरिकेंत गेल्या पंचवीस वर्षांत आत्मवृत्ताचा जो एक नवा प्रकार निघाला आहे, त्यांत ती फार तीव्रतेनें दिसते. अतिस्थूलतेवर उपाय म्हणून जठरावर शस्त्रक्रिया करवून घेतलेल्या माणसांनीं लिहिलेलीं हीं पुस्तकें होत. त्यांपैकीं तिघांच्या लेखनाचा आम्ही येथें विचार करणार आहों.

विषय वाचकांस अगदींच परका असेल असें नाहीं. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून या शस्त्रक्रिया आतां नित्य होतात, आणि ती करवून घेतलेलें एखादें तरी माणूस बहुतेकांच्या ओळखींत असतें. तथापि थोडी माहिती देणें अवश्य आहे. 'गॅस्ट्रिक बायपास' या प्रकारांत जठराच्या वरच्या टोकाशीं एक लहानशी पिशवी वेगळी करून ती लहान आंतड्याच्या पुढील भागास जोडतात. म्हणजे अन्न जठराचा बहुतेक भाग टाळून पुढें जातें. आयोवा येथील डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ च्या सुमारास या पद्धतीचा आरंभ केला. 'स्लीव्ह' या प्रकारांत जठराचा सुमारें तीनचतुर्थांश भाग कापून काढून टाकतात व उरलेलें जठर अंगरख्याच्या बाहीसारखें अरुंद होतें, म्हणून त्यास तें नांव. दोहोंतही माणूस थोडें खातो एवढेंच होत नाहीं. भूक चेतविणाऱ्या शरीरांतील अंतःस्रावांचेंही प्रमाण बदलतें, आणि पहिले कित्येक महिने भूक जणूं लागतच नाहीं. वजन भराभर उतरतें. कपडे सैल होतात. ओळखीचे लोक रस्त्यांत थांबवून अभिनंदन करतात. लेखकाला याहून सोयीचें कथानक कोणतें मिळणार? आरंभीं दुःख, मध्यें धाडस, शेवटीं सुख. शिवाय पूर्वीचें एक आणि नंतरचें एक अशीं दोन छायाचित्रें.

या कथानकाशीं ताडून पाहण्याजोगा एक दस्तऐवज आहे, आणि तो कोणा साहित्यिकानें लिहिलेला नाहीं. स्वीडनमध्यें १९८७ पासून, शस्त्रक्रिया केलेल्या दोन हजारांहून अधिक स्थूल माणसांचा व न केलेल्या तितक्याच स्थूल माणसांचा वर्षानुवर्षें मागोवा घेण्यांत आला. २००७ सालच्या वृत्तांतांत वजनाचा एक आलेख आहे. पहिल्या एकदोन वर्षांत रेषा कड्यावरून घसरावी तशी खालीं येते. मग हळूहळू वर चढूं लागते. आणि आठदहा वर्षांच्या सुमारास मध्येंच कोठेंतरी स्थिरावते. बायपास केलेल्यांचें वजन दहा वर्षांनंतरही मूळच्याहून सरासरी शेंकडा २५ नें कमी होतें. २०२० च्या वृत्तांतावरून असें दिसतें कीं शस्त्रक्रिया केलेल्यांस न केलेल्यांपेक्षां सरासरी ३ वर्षें अधिक आयुष्य लाभलें, परंतु सर्वसामान्य जनतेपेक्षां तें ५.५ वर्षांनीं कमीच राहिलें. लाभ खरा आहे, मोठा आहे, आणि शस्त्रक्रियेविरुद्ध बोलण्याचा आमचा अधिकार नाहीं व हेतूही नाहीं. आमची तक्रार वाङ्मयाविषयीं आहे. बहुतेक आत्मवृत्तें या आलेखाच्या सर्वांत खालच्या बिंदूवर येऊन थांबतात. रेषा ज्या ठिकाणीं वळते, त्या ठिकाणीं लेखक टाक खालीं ठेवतो.

गायिका श्रीमती कार्नी विल्सन यांचें उदाहरण या दृष्टीनें फार बोलकें आहे. १९९९ सालीं त्यांच्यावर झालेली बायपासची शस्त्रक्रिया इंटरनेटवरून लोकांस दाखविण्यांत आली. २००१ मध्यें त्यांचें पहिलें पुस्तक निघालें. भय आणि निराशा यांपासून आरोग्य आणि आशेपर्यंत, असा त्याच्या उपशीर्षकांतच सगळा प्रवास उरकलेला आहे. २००३ मध्यें दुसरें निघालें, आणि त्याचें नांव 'मी अजून भुकेलीच आहें' अशा अर्थाचें आहे. दोन वर्षांत नांवामध्यें पडलेला हा फरक आम्हांस दोन्ही पुस्तकांतील मजकुराहून अधिक अर्थपूर्ण वाटला. पुढें आपण मद्याच्या आहारीं गेलों होतों आणि २००४ सालीं तें सोडलें, असें श्रीमती विल्सन यांनीं स्वतःच जाहीरपणें सांगितलें. पुस्तक २००३ चें, निश्चय २००४ चा. म्हणजे कथेचें खरें वळण पुस्तक छापून झाल्यावर आलें. २०१२ सालीं त्यांस दुसरी शस्त्रक्रिया करवून घ्यावी लागली. बायपासनंतर मद्य रक्तांत फार लवकर भिनतें हें वैद्यकानें सिद्ध केलेलें आहे, त्यामुळें हा केवळ स्वभावदोष म्हणून सोडून देतां येत नाहीं. २००७ सालींच युटा राज्यांतील रुग्णांच्या पाहणींत आढळलें कीं शस्त्रक्रिया केलेल्यांत एकंदर मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ४० नें कमी होतें. परंतु अपघात, आत्महत्या इत्यादि, म्हणजे रोगाशिवाय अन्य कारणांनीं झालेल्या मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ५८ नें अधिक होतें. आंकडा येथपर्यंत आणून सोडतो. त्या माणसांच्या घरांत काय चाललें होतें हें सांगणें वाङ्मयाचें काम होतें, आणि वाङ्मय त्या वेळीं छायाचित्रें छापण्यांत गुंतलें होतें.

दूरचित्रवाणीवर हवामान सांगणारे श्री. अल् रोकर यांचें पुस्तक मात्र शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीं, २०१२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालें, म्हणून आम्हीं तें मोठ्या अपेक्षेनें उघडलें. मृत्युशय्येवरील वडिलांना दिलेलें वचन, २००२ मधील बायपास, शंभराहून अधिक पौंड उतरलेलें वजन, आणि मग आईच्या आजारपणांत परत आलेले सुमारें चाळीस पौंड: एवढी हकीकत एखाद्या चांगल्या लेखकास पुरेशी होती. आईच्या दुखण्यांत हा मनुष्य पुन्हां अन्नाकडे वळतो. पोटाची पिशवी लहान आहे, पण शोक तेवढाच आहे. तो लहानलहान घांसांनीं दिवसभर भरवावा लागतो. पुस्तकाचें मर्म येथें होतें. परंतु लेखक तेथें थांबत नाहीं. तो लगेच आहाराचे नियम सांगूं लागतो, व्यायामाचा उपदेश करूं लागतो, आणि 'पुन्हां मागें जाणार नाहीं' अशा अर्थाचें रणवाद्य मुखपृष्ठावरच वाजवून ठेवतो. एकदां मागें जाऊन आलेल्या माणसानें दिलेलें हें नांव वाचून आम्हांस हंसूं आलें नाहीं, थोडी भीति वाटली. पुस्तकाच्या निमित्तानें श्री. रोकर यांनीं दूरचित्रवाणीवर एक प्रसंग सांगितला. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांनीं व्हाइट हाउसमध्यें त्यांस पोटानें दगा दिला व वस्त्रांत अपघात झाला. लोक त्यावर पोट धरधरून हंसले, आणि आज पुस्तकापेक्षां तो प्रसंगच अधिकांच्या लक्षांत आहे. स्थूल माणूस हा विनोदाचा विषय असतोच. तो कृश झाल्यावरही त्यास त्यांतून सुटका मिळत नाहीं असें दिसतें.

श्रीमती रोक्सॅन गे यांचें 'हंगर' हें पुस्तक या सर्वांहून निराळ्या योग्यतेचें आहे. २०१७ सालीं निघालेल्या या पुस्तकाच्या आरंभींच त्या बजावतात कीं ही विजयकथा नव्हे, आणि जुन्या विजारीच्या एकाच पायांत मावलेल्या कृश लेखिकेचें चित्र येथें कोणी शोधूं नये. बाराव्या वर्षीं मुलांच्या एका टोळीनें केलेल्या अत्याचारानंतर शरीर हेंच तटबंदी व्हावें म्हणून ती मुलगी खात सुटली. वजन एके काळीं ५७७ पौंडांवर गेलें. प्रकरणें लहान आहेत, कांहीं तर एका पानाचीं. एकच गोष्ट पुन्हां पुन्हां सांगितली जाते, आणि दरवेळीं थोडी अधिक सांगितली जाते. कोणी यास पुनरुक्तिदोष म्हणतील. जखमेवरून हात फिरविणाऱ्याचा हात तेथेंच पुन्हां पुन्हां जातो, म्हणून आम्ही म्हणत नाहीं. पुस्तकाच्या प्रारंभीं त्या वडिलांबरोबर फ्लॉरिडांतील एका रुग्णालयांत या शस्त्रक्रियेची माहिती ऐकावयास जातात आणि ती न करवितां परत येतात. हा नकार म्हणजे पुस्तकाचा जणूं कणाच होय.

आणि पुस्तक निघून वर्ष होण्यापूर्वींच, जानेवारी २०१८ मध्यें, त्यांनीं 'स्लीव्ह' करवून घेतली. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें त्यांनीं 'तृप्ति म्हणजे काय' अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध लिहून तें प्रकट केलें. आपल्या वाचकांस हा विश्वासघात वाटेल कीं काय, ही शंका त्यांनीं लपविली नाहीं. अन्नाचा आधार तुटल्यावर आपलें दुःख केवढें विस्तृत होतें तें प्रथमच दिसलें, ही कबुली तर या सगळ्या वाङ्मयांत आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. टीकाकारांना येथें विसंगति दिसली. आम्हांस दिसत नाहीं. जिनें नकार दिला तिनेंच पुढें होकार दिला. मधल्या वर्षांत जगणें असह्य झालें. मनुष्य असेंच करतो. पुस्तकाला मत असतें आणि शरीराला वय असतें.

हें पुस्तक व हा निबंध आम्हीं आमच्या एका स्नेह्यांस वाचावयास दिला. त्यांच्या शस्त्रक्रियेस आतां आठ वर्षें झालीं. पंधरवड्यानें परत करतांना ते म्हणाले, "बाईंची लेखणी मोठी धारदार आहे. पण त्या अजून दारांतच उभ्या आहेत. आंत आल्यावर काय, तें मला हवें होतें." त्यांचें म्हणणें यथार्थ आहे. निबंध शस्त्रक्रियेनंतर तीनचार महिन्यांतला; तो देहलीवरून लिहिलेला आहे, आणि आंतल्या खोल्यांचा दोष देहलीस देतां येत नाहीं. मग आम्हीं त्यांस आंतल्याविषयीं विचारलें. प्रथम त्यांनीं गोळ्यांची यादी सांगितली: लोह, कॅल्शियम, ब-१२, आणि या जन्मभर. मग पंगतीची गोष्ट निघाली. "पहिलीं दोन वर्षें लोक आग्रह करीत व मी नको म्हणें, तेव्हां मला अभिमान वाटे. यजमानीणबाईंना वाटे कीं मी अपमान करतों. जिलबी एक खाल्ली कीं छातींत धडधड, घाम, आडवें पडावें लागे. तें बरें होतें हो! पोटच माझ्या वतीनें नको म्हणत असे. आतां तें तितकेंसें म्हणत नाहीं. आतां नको मला म्हणावें लागतें, आणि माझा माझ्यावर कधींच भरंवसा नव्हता." थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "तेरा किलो परत आले आहेत. बायको कांहीं बोलत नाहीं. ती पूर्वी बोलत असे."

हें शेवटचें वाक्य वर सांगितलेल्या एकाही पुस्तकांत नाहीं. आम्हीं साऱ्या पुस्तकांत ज्याची वाट पाहिली तें तें वाक्य होतें. शस्त्रक्रिया एका माणसावर होते, पण पुढचीं वर्षें सगळें घर जगतें: कोणी ताटांत किती वाढावें याचा हिशेब मनांत ठेवतें, कोणी काट्यावरचा आंकडा विचारण्याचें टाळतें, कोणी सणाच्या दिवशीं गोड करावें कीं न करावें या विवंचनेंत असतें. अमेरिकन आत्मवृत्तांत 'मी' आणि 'माझें शरीर' या दोनच पात्रांचा संवाद चालतो. घर असलेंच तर पाठीमागच्या पडद्यावर रंगविलेलें असतें. श्रीमती गे यांचे वडील प्रारंभींच्या त्या रुग्णालयांत लेकीच्या शेजारीं बसलेले आहेत. त्या क्षणीं त्यांच्या मनांत काय होतें हें जाणून घेण्यासाठीं आम्हीं पुस्तकांतील दुसरीं दहा प्रकरणें आनंदानें दिलीं असतीं.

या बाबतींत आम्हांस राहून राहून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रें'ची आठवण होते. विषयाचा कांहींएक संबंध नाहीं, परंतु पद्धतीचा आहे. १८९५ मधील टिळकांचें धर्मांतर ही त्या आयुष्यांतील केवढी उलथापालथ! दुसऱ्या कोणी त्या एका घटनेभोंवतीं सगळें पुस्तक रचलें असतें आणि प्रकाश दिसल्याबरोबर पडदा पाडला असता. लक्ष्मीबाई तसें करीत नाहींत. सोवळेंओवळें मनांतून एका दिवसांत गेलें नाहीं हें त्या सांगतात. नव्या धर्मांतही घरांत पैसा टिकत नाहीं, पाहुणे हटत नाहींत, आणि नवराबायकोचीं भांडणें पूर्वीसारखींच होतात. मोठी घटना घडून गेल्यावर माणूस जेवढा उरतो तेवढ्याचें तें चरित्र आहे. तेवढें धैर्य, आणि विशेषतः तेवढा विनोद, शस्त्रक्रियेच्या आठव्या किंवा पंधराव्या वर्षाविषयीं लिहिणारास लागेल. त्यास विजयाची भाषा उपयोगीं पडणार नाहीं व पराजयाचीही नाहीं. कारण तेरा किलो परत आलेल्या माणसाचे तीस किलो अजून गेलेलेच असतात, त्याचा मधुमेह आटोक्यांत असूं शकतो, तो जिना चढतो, आणि तरीही रात्रीं दहा वाजतां फळीवरच्या डब्याकडे पाहत उभा राहतो.

आमच्या स्नेह्यांस आम्हीं लिहिण्याचा आग्रह केला. (आग्रह हा शब्द त्यांच्यापाशीं वापरतांना आम्हांस जरा संकोचच वाटला.) ते म्हणाले, लिहिण्यासारखें कांहीं घडतच नाहीं, हीच तर अडचण आहे.

श्रीमती गे यांच्या प्रकाशकांस मात्र एक सूचना करावीशी वाटते. 'हंगर'च्या पुढील एखाद्या आवृत्तींत तो १९१८ नव्हे, २०१८ चा निबंध (आमचा टाक जुन्या शतकाकडे ओढ घेतो, वाचकांनीं क्षमा करावी) पुस्तकाच्या शेवटीं जोडावा, आणि त्यापुढें कांहीं पानें कोरीं सोडावीं. लेखिका पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. त्या पानांवर काय लिहिलें जातें तें वाचण्यास आम्ही उत्सुक आहों, आणि आमचे स्नेही आमच्याहूनही अधिक.