निखळलेला दात आणि अपुरा पाठ

शाळेतल्या प्रथमोपचाराच्या पाठात दातासाठी सहसा एकच वाक्य असते : ‘ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे.’ सल्ला चूक नाही, पण अपुरा आहे. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या खेड्यात कबड्डी खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट निखळला, तर दंतवैद्य गाठेपर्यंत तास सहज जातो. तोवर दाताचे भवितव्य बहुधा ठरून गेलेले असते.

याचे कारण मुळावरच्या तंतुपटलात आहे. त्यातील पेशी हवेत सुकतात आणि तासाभरात बहुतेक मरतात. दात नळाखाली घासला तर त्या खरवडल्या जातात. पाण्याच्या पेल्यात ठेवला तर पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. परासरण शिकवताना आपण मनुका भिजवून दाखवतो, ते हेच तत्त्व. पण त्या धड्याची या पाठाशी गाठ कोणी घालून देत नाही. दुधातील विद्राव्यांचे प्रमाण पेशींना मानवणारे असते, म्हणून दुधात त्या टिकतात.

दंत-आघाताविषयीच्या २०२० च्या आंतरराष्ट्रीय सूचना सोप्या आहेत. दात मुळाला न धरता वरच्या भागाला धरावा. माती लागली असल्यास दुधात हलकेच विसळावा, मूल शुद्धीवर असल्यास लगेच खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यावा. ते न जमल्यास दात दुधात ठेवून न्यावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये.

एवढ्या पाच ओळी पाठात हव्यात. आणि दूध जवळ कुठे मिळेल, हे प्रथमोपचाराच्या पेटीवरच लिहिलेले हवे.