तसबिरीतला भगवा रंग

माझे बालपण तिवस्यात गेले. मोझरीचा गुरुकुंज आश्रम जवळच. आमच्या घरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची तसबीर होती : अंगावर भगवे वस्त्र, हातात खंजिरी. महाराजांना खंजिरी वाजवताना आपण पाहिले आहे, असे मी लहानपणी छातीठोकपणे सांगत असे. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. माझा जन्म त्यानंतर बारा वर्षांनी. मग मला आठवत होते ते काय?

पुढे ती तसबीर भिंगाखाली पाहिली. मूळ छायाचित्र काळेपांढरे. भगवा रंग नंतर कुंचल्याने भरलेला, एका कडेला वस्त्राबाहेर ओघळलेला. माझ्या आठवणीतले महाराज मात्र भगव्यातच!

काळेपांढरे छायाचित्र तरी जसेच्या तसे असते का? सुरुवातीच्या काचपट्ट्यांवरील चांदीच्या क्षारांवर मुख्यतः निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंजकद्रव्ये मिसळून त्यांना हिरव्या प्रकाशाचीही जाणीव दिली. तांबडा रंग टिपणाऱ्या फिल्म रूढ व्हायला विसावे शतक उजाडले. म्हणून जुन्या छायाचित्रांत कपाळावरचे कुंकू काळे आणि आकाश पांढरेफटक दिसते.

स्मृतीही अशीच रंग भरते. २००२ साली किंबर्ली वेड व सहकाऱ्यांनी वीस प्रौढांना त्यांच्या बालपणीचे एक बनावट छायाचित्र दाखवले. त्यात ते उष्ण हवेच्या फुग्यात बसलेले होते. तीन मुलाखतींनंतर निम्म्या जणांना ती न घडलेली सफर थोडीफार 'आठवू' लागली.

तसबिरीचे मोल यामुळे कमी होत नाही. महाराजांवरून परावर्तित झालेला प्रकाश त्या फिल्मवर खरोखर पडला होता. एवढी साक्ष ती चोख देते. पण ती मुकी आहे. माझ्या आजीने महाराजांचे भजन प्रत्यक्ष ऐकले होते. ती वस्त्राबद्दल काही बोलत नसे. खंजिरीचा ठेका मात्र पाटावर बोटांनी वाजवून दाखवी. तसबिरीत नेमके तेच नाही.

आज मोबाईलवर हवे ते चित्र क्षणात तयार होते आणि 'फोटो आहे, म्हणजे खरेच' असे मुले म्हणतात. शिक्षकांनी एक प्रयोग करावा. प्रत्येकाला घरातले एक जुने छायाचित्र आणायला सांगावे आणि वहीत तीन रकाने आखून घ्यावेत : प्रकाशाने काय टिपले, माणसाने काय भरले, मी काय ऐकले. तिसरा रकाना भरायला मुलांना आजी-आजोबांजवळ बसावे लागेल. तो आधी भरून घ्यावा.