जर्मन लवकर शिकायचं असेल तर इंग्रजीचा वळसा टाळा

पीएचडीसाठी जर्मनीला जायच्या तयारीत असलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "जर्मन तीन-चार महिन्यांत होईल ना?" मग इंटरनेटवर शोध सुरू होतो. 'जर्मन झटपट शिका' छापाचे व्हिडिओ आणि लेख ढिगाने सापडतात. त्यातले सल्लेही साधारण तेच असतात: रोज ॲप उघडा, नेहमीचे हजार शब्द पाठ करा, सिनेमे बघा, व्याकरणाच्या नादी लागू नका. हे सल्ले सरसकट चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण ते कोणी कोणासाठी दिलेत, हे सहसा कोणी विचारत नाही. आज तेच विचारू या.

मार्क ट्वेनपासून सुरुवात करू. १८८० साली त्याचं 'ए ट्रॅम्प अब्रॉड' हे प्रवासवर्णन आलं. त्याला जोडलेल्या 'द ऑफुल जर्मन लँग्वेज' या लेखात त्याने जर्मन भाषेची यथेच्छ टिंगल केली आहे. हुशार माणसाला इंग्रजी तीस तासांत, फ्रेंच तीस दिवसांत आणि जर्मन तीस वर्षांत येईल, हा त्याचा हिशोब. तक्रारी तरी कोणत्या? निर्जीव वस्तूंना लिंग असतं, पण मुलगी नपुंसकलिंगी. क्रियापद पार वाक्याच्या शेवटी. विभक्ती बदलली की शब्द बदलतात. शब्दाला शब्द जोडून आगगाडी तयार होते. सुधारणा म्हणून तो सुचवतो, की चतुर्थी काढून टाका आणि क्रियापद पुढे आणा.

लेख धमाल आहे, जरूर वाचा. पण वाचताना एक करा. प्रत्येक तक्रारीपाशी थांबून स्वतःला विचारा, "हे मराठीत नाही का?" तक्रारींची यादी बघता बघता लहान होईल. कारण ट्वेनची अडचण इंग्रजी बोलणाऱ्याची आहे. तशीच ती आजच्या झटपटवाल्या बहुतेक व्हिडिओंचीही आहे. आपण मात्र जर्मन इंग्रजीतून शिकतो. त्यामुळे ज्या अडचणी आपल्या नाहीत त्याही अंगावर घेतो.

एकेक मुद्दा घेऊ.

आधी आकडे. जर्मनमध्ये २१ ला 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'एक आणि वीस'. इंग्रजीवाले म्हणतात, जर्मन आकडे उलटे आहेत. पण एकवीस, पंचवीस, अडुसष्ट म्हणणाऱ्याला ते उलटे का वाटावेत? आपणही एककच आधी म्हणतो. जपायचं ते फक्त एकोणतीस, एकोणचाळीस वगैरेंना. तिथे जर्मन सरळ 'नऊ आणि वीस' म्हणतं. मनात 'ट्वेंटी-वन' म्हणून मग ते उलटवत बसलात, तर फोन नंबर लिहून घेताना घाम फुटणारच.

वेळेचंही तसंच. 'हाल्ब फिअर' म्हणजे शब्दशः 'अर्धा चार', पण वेळ साडेतीनची. 'हाफ पास्ट' डोक्यात असेल तर इथे हमखास घोटाळा होतो. आपल्या 'पावणेचार'मध्ये चार अजून वाजलेले नसतात, येऊ घातलेले असतात. 'हाल्ब फिअर'मध्येही तसंच आहे. एवढं लक्षात ठेवलं की काम झालं.

आता ती नपुंसकलिंगी मुलगी. 'डास मेटशन'. शब्दाच्या शेवटी 'शन' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आला की नाम नपुंसकलिंगी होतं, बस. आपलं लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू कोणत्या लिंगाचं? 'ते'च ना? गावाकडे 'पोरगं' म्हणतात तेही 'ते'. कोकणीत तर मुलीला 'चेडूं' म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगीच आहे. ट्वेनला जे विचित्र वाटलं ते गोव्यात आणि कोकणात रोज ऐकू येतं.

तीन लिंगं असतात, ती पाठच करावी लागतात, त्यांच्यामागे नेहमी कारण नसतं, हे आपल्याला जन्मापासून माहीत आहे. पण म्हणून मराठीचं लिंग जर्मनला लावू नका. सूर्य आपल्याकडे 'तो', तिकडे 'डी झॉनं' म्हणजे 'ती'. टेबल आपलं 'ते', तिकडचं 'डेर टिश' म्हणजे 'तो'. म्हणून नाम पाठ करताना 'डेर, डी, डास'सकट एकच शब्द समजून पाठ करायचं. संशोधनाच्या भाषेत जरा सूट मिळते. 'उंग', 'हाइट', 'काइट', 'शाफ्ट' या शेवटांची नामं स्त्रीलिंगी असतात. 'फोर्शुंग' (संशोधन), 'मेसुंग' (मोजमाप), 'उंटरझूखुंग' (तपासणी), 'विसनशाफ्ट' (विज्ञान, शास्त्र) असे आपल्या कामाचे कितीतरी शब्द या एका नियमात बसतात.

मग समास. जर्मन जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं. आपलं वेगळं काय आहे? राजवाडा 'तो', कारण वाडा 'तो'. देवघर 'ते', कारण घर 'ते'. लांबलचक जर्मन शब्द समोर आला की शेवटाकडून फोडा, शाळेत समासाचा विग्रह करायचो तसा. 'वासरश्टॉफ' म्हणजे हायड्रोजन: वासर म्हणजे पाणी, श्टॉफ म्हणजे पदार्थ. रसायनवाल्यांना असे शब्द एकदा फोडता आले की शब्दकोशात डोकं घालायची वेळ कमी येते.

सगळ्यात मोठा फायदा मात्र चतुर्थीत आहे, म्हणजे ट्वेनला जी हाकलून द्यायची होती तिच्यात. 'मला पुस्तक आवडतं' हे जर्मनमध्ये 'मीर गेफेल्ट डास बूख'. मीर म्हणजे मला. पुस्तक कर्ता आहे आणि क्रियापद त्याच्या वचनाप्रमाणे चालतं. पुस्तकं अनेक झाली की आपण 'आवडतात' म्हणतो, ते 'गेफालन' म्हणतात. 'मला थंडी वाजतेय' म्हणजे 'मीर इस्ट काल्ट'. इथे इंग्रजीवरून गेलात तर 'इश बिन काल्ट' म्हणाल आणि ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही स्वतःच्या थंड स्वभावाबद्दल सांगताय.

क्रियापदाचंही ऐका. 'वेन डू मॉर्गन कॉम्स्ट', म्हणजे 'जर तू उद्या येतोस'. शब्दाला शब्द लावून बघा, क्रम तंतोतंत तोच आहे. उच्चारातही मदत मिळते. जर्मन 'झेड'चा उच्चार 'चमचा'तल्या 'च'सारखा आहे. 'वेळ' या अर्थाचा 'त्साइट' हा शब्द 'चाक'मधला च घेऊन म्हणा, जमतो. 'म्यूडं'मधला स्वर हवा असेल तर ओठ 'ऊ'सारखे ठेवा आणि म्हणा 'ई'.

आता दुसरी बाजू. मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही, आणि तो कुठे दगा देतो हे माहीत असणं जास्त महत्त्वाचं आहे. चार ठिकाणं सांगतो.

एक: मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरच येतं. 'उद्या मी येतो' हे 'मॉर्गन कॉमं इश' होतं, म्हणजे 'उद्या येतो मी'.

दोन: आपला 'ला' दोन कामं करतो. 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला दिलं' यांत आपल्याला फरक दिसत नाही. जर्मनमध्ये पहिला 'ईन', दुसरा 'ईम'.

तीन: 'ग्रंथालयात जातो' आणि 'ग्रंथालयात बसतो' यांत आपण 'त'च लावतो. जर्मन मात्र जाण्यासाठी द्वितीया आणि असण्यासाठी चतुर्थी घेतं: 'इन डी बिब्लिओटेक', पण 'इन डेर बिब्लिओटेक'.

चार: मराठीत आर्टिकल नाही. त्यामुळे 'आइन' आणि 'डेर' गाळायची सवय लागते.

सरावाचा निम्मा वेळ या चार जागांवर घालवा. इंग्रजीतल्या टिप्समध्ये हा हिशोब मिळणार नाही, कारण त्या लिहिणाऱ्याच्या अडचणी वेगळ्या आहेत.

आता साधनांकडे बघू. डुओलिंगोसारखी ॲप सवय लावायला बरी. पण त्यांत बराच वेळ दिलेल्या शब्दांतून निवड करण्यात जातो. ओळखता येणं वेगळं आणि स्वतःहून वाक्य काढता येणं वेगळं. 'हजार शब्द' छापाच्या याद्यांमध्ये शब्द सुटे असतात, म्हणून ते सुटूनही जातात. त्यापेक्षा गोएथे इन्स्टिट्यूटच्या (पुण्या-मुंबईत आपण ज्याला मॅक्स म्युलर भवन म्हणतो) शब्दयाद्या चांगल्या. ए-वनसाठी साधारण ६५० आणि बी-वनसाठी साधारण २,४०० शब्द आहेत, सोबत उदाहरणवाक्यंही आहेत आणि त्या फुकट मिळतात. डॉइचे वेलेची 'निकोस वेग' ही मालिका ए-वन ते बी-वनपर्यंत नेते, तीही फुकट. तिच्यात गोष्ट आहे, म्हणून वाक्यं लक्षात राहतात. सिनेमाचं म्हणाल, तर ए-वनला सिनेमा म्हणजे करमणूक, अभ्यास नाही. त्यापेक्षा ए-टू संपत आल्यावर डॉइचे वेलेच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या ऐका.

पाठांतरासाठी अंकी वापरा. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं, की एका बैठकीत कोंबलेलं झपाट्याने उडतं आणि अंतराअंतराने उजळणी केलेलं टिकतं. अंकी याच तत्त्वावर चालतं. फक्त कार्डाच्या पुढच्या बाजूला इंग्रजी शब्द लिहू नका. तिथे अख्खं मराठी वाक्य लिहा आणि मागे अख्खं जर्मन वाक्य. रोज अशी पाच वाक्यं स्वतः तयार करा आणि मोठ्याने म्हणा. आठवड्याला पस्तीस होतात. कमी वाटतील, पण ती तुमची असतील.

शेवटी 'लवकर' या शब्दाबद्दल. लवकर, पण कशासाठी? बी-वनचा दाखला हवा असेल तर वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि राहिलेला भाग वेगळा देता येतो. त्यामुळे चारही एकदम पेलत नसतील तर तसं नियोजन करा. पण संशोधनासाठी नुसतं वाचता यायला हवं असेल, तर तो रस्ता बराच जवळचा आहे. व्याकरण ओळखण्यापुरतं शिका आणि आपल्या विषयातला मजकूर लवकरात लवकर हातात घ्या. जर्मन विद्यापीठांतल्या इंग्रजी प्रबंधांनाही पुष्कळदा जर्मन सारांश जोडलेला असतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

हे वाचन किती मोलाचं असतं, त्याचं घरचंच उदाहरण देतो. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा ग्युंटर सोंटहायमर यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये आला. इंग्रजी भाषांतर आलं १९८९ साली. मधली तेरा वर्षं, आपल्याच धनगरांवर आणि आपल्याच देवांवर लिहिलेलं हे पुस्तक जर्मन न येणाऱ्या मराठी अभ्यासकाला बंद होतं. तुमच्या विषयातही असं एखादं पुस्तक आत्ता बंद असू शकतं.

तेव्हा तीन महिन्यांत जर्मन होईल का? सगळं होणार नाही. पण ट्वेनची तीस वर्षंही लागणार नाहीत. आजच एक वही घ्या, डावीकडे मराठी आणि उजवीकडे जर्मन. इंग्रजीसाठी रकाना आखू नका.