शॅकल्टनचें ‘साउथ’ आणि हिमसागरांतील सहल

हल्लीं दक्षिण ध्रुवप्रदेशाच्या हिमसागरांत सहलीचीं जहाजें जातात. उबदार खोलीच्या कांचेंतून हिमनग पाहणाऱ्या प्रवाशानें बरोबर कोणतें पुस्तक न्यावें, असें कोणी विचारल्यास आम्ही सर अर्नेस्ट शॅकल्टन यांचें १९१९ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘साउथ’ सुचवूं. मात्र तें अखेरपर्यंत वाचावें, ही अट घालूं.

पूर्वार्धाची कथा सर्वश्रुत आहे. ‘एन्ड्युरन्स’ जहाज जानेवारी १९१५ मध्यें वेडेल समुद्राच्या बर्फांत अडकलें व नोव्हेंबरांत बुडालें. सहा जण एका होडींतून साउथ जॉर्जियास पोहोंचले आणि एलिफंट बेटावर राहिलेल्या २२ जणांची ३० ऑगस्ट १९१६ रोजीं सुटका झाली. शॅकल्टन यांनीं एकहि माणूस गमावला नाहीं, ही आख्यायिका रूढ झाली ती येथूनच.

परंतु उत्तरार्धांत रॉस समुद्राकडील तुकडीची हकीकत आहे. शॅकल्टन खंड ओलांडून येतील म्हणून तिनें वाटेवर त्यांच्यासाठीं शिधा मांडून ठेविला. ते आलेच नाहींत, आणि तिच्यांतील तिघे मृत्यु पावले. ग्रंथाची भाषा जागजागीं रोजनिशीसारखी रुक्ष होते, हें खरें. पण हें अपयश न लपविण्याचा प्रामाणिकपणा आम्हांस त्या होडीच्या प्रवासाइतकाच थोर वाटतो.

२०२२ सालीं तें जहाज सुमारें ३,००० मीटर खोलीवर सांपडलें. त्याचें कौतुक झालें, तें योग्यच. ज्यांच्यासाठीं मांडला त्यांनीं कधींच न खाल्लेल्या शिध्याची आठवण मात्र वाचकानेंच ठेवावयाची आहे.